मेज प्रभूचे, मग अट मंडळीची का?

शंका : आम्ही नागपूरचे, उत्तर भारतीय मंडळीचे (सी.एन.आय.) सभासद. मुलीकडे अमेरिकेत काही महिने राहायला जाणार आहोत. तिच्या घराजवळची मंडळी ल्युथरन, मिसूरी सिनडची आहे. आमचा बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेले असले, तरी तिथे आम्हाला प्रभुभोजन मिळणार नाही, असे कळले. तारण केवळ कृपेने, केवळ विश्वासाने, असे शिकवणाऱ्यांनीच प्रभूच्या मेजावर पहारा बसवावा, हे विसंगत नाही का? अशा उपासनेला जावे का?

समाधान : उपासनेला अवश्य जावे. विसंगती दिसते खरी, पण ती वरवरची आहे. माणूस आपल्या कर्माने नव्हे, तर ख्रिस्तामुळे, विश्वासाने नीतिमान ठरतो, हा या मंडळीचा गाभा. ही कृपा वचन आणि संस्कार यांतून माणसापर्यंत पोहोचते, असे ती मानते. म्हणून प्रभुभोजन तिच्या दृष्टीने नुसती आठवण नाही. भाकर आणि द्राक्षारसासोबत ख्रिस्ताचे खरे शरीर आणि रक्त दिले जाते, अशी तिची शिकवण आहे. १५२९ साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली यांचे पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले, पण प्रभुभोजनाच्या पंधराव्या कलमातील याच मुद्द्यावर बोलणी अडली. कृपेच्या देणगीविषयी मतभेद ठेवून ती एकत्र घेणे म्हणजे देणगी क्षुल्लक मानणे, असे ल्युथरनांना तेव्हापासून वाटत आले आहे.

या आग्रहाला इतिहासाची धार आहे. १८१७ साली प्रशियाच्या राजाने ल्युथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्या एकत्र आणण्याचे फर्मान काढले. पुढे विरोध करणाऱ्या काही पाळकांना तुरुंगवास घडला. शेजारच्या सॅक्सनीत चर्चवर बुद्धिवादाचा पगडा होता. तिथून सुमारे ७०० ल्युथरन १८३८-३९ मध्ये मिसूरीला निघाले. तिथे पोचताच त्यांचा पुढारी आणि बिशप मार्टिन स्टीफन गैरवर्तनाच्या आरोपांवरून पदच्युत झाला. बिशपच गेला, मग आपण मंडळी तरी उरलो का, हा प्रश्न त्यांना छळू लागला. १८४१ साली आल्टेनबर्गच्या वादसभेत तरुण पाळक सी. एफ. डब्ल्यू. वाल्थर यांनी उत्तर दिले : मंडळी बिशपामुळे टिकत नाही, जिथे सुवार्ता आणि संस्कार आहेत, तिथे ती आहे. हाच विचार १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासकबुलीच्या सातव्या कलमात आहे. १८४७ साली शिकागोत सिनड स्थापन झाला आणि वाल्थर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. राजा नको आणि सर्वाधिकारी बिशपही नको, मग मंडळ्यांना बांधून ठेवणार काय? तर समान शिकवण. म्हणूनच तिथला पाळक १५८० च्या ‘बुक ऑफ कॉन्कॉर्ड’ या ल्युथरन विश्वासकबुल्यांच्या संग्रहाला बिनशर्त मान्यता देतो, कारण ते पवित्र शास्त्राशी सुसंगत आहे असे तो मानतो. एकत्र प्रभुभोजन घेणे ही त्या शिकवणीला जाहीर साक्ष ठरते.

यावर कोणी म्हणेल, पौल तर प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असे सांगतो (१ करिंथ ११:२८). पाळकाने का करावी? पण लगेच पुढच्या वचनात शरीर न ओळखता खाण्यापिण्याविषयी इशारा आहे, आणि पाळक त्यासाठी स्वतःला जबाबदार धरतो. दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे : मग आम्ही ख्रिस्ती नाही का? त्याचे उत्तर वाल्थर यांच्याच मांडणीत आहे. चुकीची शिकवण असलेल्या मंडळ्यांतही, जिथे देवाचे वचन पुरते नाकारलेले नाही, तिथे खरे विश्वासणारे असतात, हे त्यांनी आल्टेनबर्गमध्ये ठासून सांगितले. तेव्हा नकार तुमच्या विश्वासाला नसून, अजून न झालेले ऐक्य झाल्याचे दाखवण्याला आहे.

तरीही या भूमिकेची मर्यादा नाकारता येत नाही. शिकवणीच्या एकमताने फूट टळतेच असे नाही. पवित्र शास्त्राचा अभ्यास कसा करावा या वादातून १९७४ साली याच सिनडच्या सेंट लुईस येथील कॉन्कॉर्डिया सेमिनरीतून बहुतेक अध्यापक आणि विद्यार्थी बाहेर पडले होते. उलट तुमच्या नागपुरात १९७० साली सहा परंपरा राजाज्ञेविना, वर्षानुवर्षांच्या वाटाघाटींनंतर एकत्र आल्या आणि तुमची मंडळी बनली. ऐक्य म्हटले की जबरदस्तीच, हे प्रशियापुरते खरे. म्हणून त्यांची भूमिका सुसंगत आहे, पण ऐक्याचा तो एकमेव मार्ग आहे, असे मला वाटत नाही.

आता वागायचे कसे? उपासनेआधी पाळकांना भेटून आपण कोणत्या मंडळीचे, हे सांगा. सगळीकडे रीत सारखीच काटेकोर नसते, म्हणून त्यांना सरळ विचारा. नकार मिळाला तर वाद घालू नका आणि लपून रांगेतही उभे राहू नका, कारण तसे करणे म्हणजे ज्या शिकवणीला तुमची संमती नाही तिला खोटी साक्ष देणे. बऱ्याच ठिकाणी छातीशी हात दुमडून पुढे गेल्यास पाळक आशीर्वाद देतात. तो मोकळ्या मनाने घ्या. प्रभुभोजन जवळच्या एखाद्या अशा मंडळीत घ्या, जी तुम्हाला जाणूनबुजून बोलावते.