ग्रंथाची साक्ष ग्रंथच देईल काय?



वैनगंगेच्या परिसरातील आपल्या या बालाघाटात कित्येक मराठी घरांतून सायंकाळी हरिपाठ होतो, आणि त्याच घरांतील शिकणारी मुले वडिलांस विचारतात, "वेद ईश्वराचे, यास पुरावा कोणता?" वडील उत्तरतात, "शास्त्रातच तसे लिहिले आहे." मुलगा म्हणतो, "ज्या ग्रंथाविषयी शंका, त्याचीच साक्ष कशी घ्यावी? मला ठाऊक नाही, एवढेच मी म्हणेन." मग घरात अबोला येतो. आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलो. हा प्रश्न आमच्या ओसरीवरही वारंवार येतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करू.

मुलाची शंका नवी नाही, आणि ते पाखंडही नव्हे. वेद प्रमाण, कारण ते ईश्वराचे. आणि ईश्वर आहे, कारण वेद सांगतात. या युक्तिवादास आपल्याच तर्कशास्त्रात अन्योन्याश्रय दोष असे नाव आहे. दोन कर्जदारांनी एकमेकांस जामीन राहावे, तसा हा प्रकार होय.

वेद मानणाऱ्या दर्शनांतही या बाबतीत एकवाक्यता नव्हती. जैमिनींच्या परंपरेतील मीमांसक वेदांस अपौरुषेय म्हणतात. त्यांच्या मते वेदांस कर्ताच नाही, ईश्वरही नाही. कुमारिल भट्टांनी तर सृष्टिकर्त्या ईश्वराच्या कल्पनेवरच आक्षेप घेतले. उलट नैयायिकांच्या मते वेद ही ईश्वराची वाणी होय. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त ईश्वरसिद्धीसाठी अनेक अनुमाने मांडली. दोन्ही पक्ष वेदनिष्ठ, दोन्ही प्रकांड पंडितांचे. तरी वेद कोणाचे, यावर त्यांचे एकमत झाले नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त तर सृष्टीच्या उगमाविषयी विचारता विचारता शेवटी असे सुचविते की, परम आकाशातील अध्यक्षास ते ठाऊक असेल, किंवा कदाचित त्यासही नसेल. ज्या वेदास 'ठाऊक नाही' हा उद्गार वर्ज्य नव्हता, त्या वेदाच्या अभिमान्यांनी तोच उद्गार मुलाच्या तोंडी आला म्हणून का संतापावे?

मग श्रद्धेने उभे राहावे तरी कशावर? गौतमांच्या न्यायसूत्रांत वेदप्रामाण्यासाठी आयुर्वेदाचा दृष्टान्त आहे. औषधाचा गुण येतो, म्हणून वैद्यकावर विश्वास बसतो, तसेच शास्त्राचे. या दृष्टान्ताने सारे सिद्ध होत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. फळ गोड निघाले म्हणून झाड स्वर्गातून आले असे ठरत नाही. ते अंगणात लावण्याजोगे आहे, एवढे मात्र ठरते. आणि संसारी माणसास एवढे पुष्कळ आहे.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली व तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, असे वारकरी परंपरा सांगते. ज्यास ही कथा पटत नाही, त्याच्याही मनास तुकोबांची वाणी पालटू शकते. 1867 साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने कोणताही ग्रंथ ईश्वरप्रणीत मानला नाही. तरी त्याच्या उपासनेत तुकोबांचे अभंग आदराने गाइले गेले.

आणि ज्यांस ईश्वराविषयी निश्चय होत नाही, त्यांचे काय? गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. 1888 साली त्यांनी 'सुधारक' काढला. विरोधकांनी ते जिवंत असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. तरी त्यांनी द्रव्याचा लोभ धरला नाही, आणि 1895 साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, शिक्षणकार्यात असतानाच देह ठेवला. अशा पुरुषास अधार्मिक म्हणण्यास आमची तरी जीभ धजत नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे: "पुरावा नाही" असे मुलाने म्हणताच त्यास देवघराबाहेर काढू नका. "पुरावा आम्हांपाशीही नाही; विश्वास आहे, आणि तो का आहे ते आमच्या वागण्यात पाहा," असे म्हणा. मात्र असे म्हणणाऱ्याचे वागणे तसे असले पाहिजे. आरतीला टाळ धरणारा हात दुकानात माप मारीत असेल, तर हजार भाष्यांनीही त्या घरी वेदांची थोरवी सिद्ध होणार नाही.

आणि तरुण मित्रांनो, शंका अवश्य घ्या. पण ग्रंथ वाचून घ्या. न वाचता मानणे जितके सोपे, तितकेच न वाचता नाकारणेही सोपे आहे.

उभयतांस सत्याची चाड राहो, आणि घरातील संवाद अखंड राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.