महडचा रुक्मांगद आणि बेथलेहेमचा दावीद

खालापूर तालुक्यातलं महड म्हटलं की अष्टविनायकातला वरदविनायक आठवतो. १६९० साली तळ्यात मूर्ती सापडली, १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी देऊळ बांधलं, १८९२ पासून गाभाऱ्यात नंदादीप तेवतो आहे, एवढी माहिती रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही विचारली तरी मिळते. या क्षेत्राची मूळ कथा मात्र फारसं कोणी सांगत नाही. पोराबाळांसमोर सांगायला ती जरा अवघडच आहे.

रुक्मांगद नावाचा राजा शिकारीला निघाला आणि तहानेने व्याकूळ होऊन वाचक्नवी ऋषींच्या आश्रमात आला. ऋषी घरी नव्हते. त्यांची पत्नी मुकुंदा राजाला पाहून भाळली आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. राजाने नकार दिला आणि तो निघून गेला. हे इंद्राला कळलं. त्याने रुक्मांगदाचं रूप घेतलं आणि तो मुकुंदेकडे गेला. त्यातून गृत्समद जन्मला. मोठेपणी भरसभेत त्याला जन्मावरून हिणवलं गेलं, त्याने आईला शाप दिला, आईने उलट शाप दिला, आणि शेवटी रानात जाऊन त्याने गणपतीची आराधना केली. तेच महडचं स्थान, असं मानतात.

कथाकाराने इथे काय केलंय पाहा. एका राजाचे त्याने दोन केले. परस्त्रीला नाही म्हणणारा रुक्मांगद वेगळा, तिच्याकडे जाणारा रुक्मांगद वेगळा, आणि दुसरा तर मुळात रुक्मांगद नव्हेच. चेहरा राजाचा, कृत्य इंद्राचं. राजा स्वच्छ राहिला. (तरी मुकुंदेच्या शापाने कोड त्यालाच फुटलं, हे पुराणकाराने दडवलेलं नाही. त्याच्याही मनात कुठेतरी शंका असावी.)

ही कथा आठवली की मला हटकून यहुद्यांचा दावीद राजा आठवतो. तसा तो आपल्याला परका नाही. रायगड जिल्ह्यात पेण, पनवेल, अलिबाग, रोहा या पट्ट्यात बेने इस्रायली यहुदी कैक पिढ्या मराठी बोलत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणवले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या पूर्वजांच्या कथांवर मराठीत कीर्तनंही रचली. पनवेलला त्यांचं सिनेगॉग आजही उभं आहे. कर्जतहून तिथे जायला फार वेळ लागत नाही.

दावीद हा इशायाच्या आठ मुलांतला धाकटा, मेंढरं राखणारा. गोफणीने गल्याथाला लोळवणारा, वीणा वाजवून शौल राजाचं बिघडलेलं डोकं शांत करणारा. पुढे तोच शौल मत्सराने त्याच्या जिवावर उठला. एन-गेदीच्या गुहेत शौल एकटा हाती सापडला असताना दावीदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला, आणि त्याचंही त्याला वाईट वाटलं. इतका हळवा, इतका सावध माणूस.

हाच माणूस राजा झाल्यावर एका वसंतात फौज लढाईवर पाठवून स्वतः यरुशलेमात राहिला. संध्याकाळी गच्चीवरून त्याला बथशेबा दिसली. ती कोणाची बायको हे त्याने विचारून घेतलं, उत्तरही मिळालं, आणि तरीही तिला बोलावून घेतलं. तिचा नवरा उरीया हित्ती राजाच्याच फौजेत रणांगणावर होता. बाई गरोदर राहिल्यावर दावीदाने उरीयाला रजा देऊन घरी धाडण्याचा डाव टाकला. उरीया घरी गेलाच नाही. माझे सोबती उघड्यावर पडलेत, मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा, असं म्हणून तो राजवाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. मग दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं : याला जिथे लढाई तुंबळ असेल तिथे पुढे ठेवा आणि मागे सरा. ते पत्र नेलं उरीयानेच.

इथे इंद्र नाही. रूप घेऊन आलेला कोणी नाही. स्तोत्रं रचणारा हात आणि ते पत्र लिहिणारा हात एकच. हिब्रू लेखकाला राजाचे दोन राजे करणं अवघड नव्हतं. भुताखेतांवर ढकलण्याची सोय त्यालाही होती. त्याने ती घेतली नाही.

पुढचं नाथान संदेष्ट्याचं प्रकरण पुष्कळांना माहीत असतं. त्याने दावीदाला एक गोष्ट सांगितली. एका श्रीमंताकडे मेंढरांचे कळप होते, गरिबाकडे एकच कोकरी, पोरीसारखी वाढवलेली. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने आपलं मेंढरू न कापता गरिबाची कोकरी घेतली. ऐकून दावीद संतापला, हा माणूस मेलाच पाहिजे म्हणाला. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. दावीदाने लगेच कबूल केलं. आपले प्रवचनकार इथे थांबतात, कारण पश्चात्ताप झाला की गोष्ट संपवायला बरी पडते. बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकातली गोष्ट इथे संपत नाही. मला तर खरी गोष्ट इथूनच सुरू होते असं वाटतं.

पुढे दावीदाच्या थोरल्या मुलाने, अम्नोनाने, सावत्र बहिणीवर, तामारवर बळजबरी केली. दावीदाला ते कळलं, तो फार संतापला. आणि त्याने काहीही केलं नाही. कोकरीची गोष्ट ऐकून क्षणात निवाडा देणारा राजा स्वतःच्या घरात गप्प बसला. का, ते पुस्तक सांगत नाही. पण उरीयाचं प्रकरण ज्या वाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं, तिथे तो मुलाला कुठल्या तोंडाने बोलणार होता? बापाने न्याय केला नाही म्हणून तामारच्या सख्ख्या भावाने, अबशालोमाने, अम्नोनाला मारलं, मग बापाविरुद्ध बंड केलं, आणि त्यात स्वतःही मेला. दावीदातला न्यायी माणूस मेला नव्हता. त्याची वाचा गेली होती. दुभंगलेल्या स्वभावाची किंमत मला इथे दिसते. वाईट वागल्याने माणसातलं चांगलं पुसलं जात नाही. पण ज्या दिवशी त्या चांगल्याने बोलायला हवं, नेमक्या त्या दिवशी त्याला बोलता येत नाही.

हे मला पुस्तकातून समजलं असं म्हणणं खोटं ठरेल. आमच्या भागात एक पुढारी होऊन गेले. नाव सांगत नाही; घरचे आहेत, आणि नावाने काही फरकही पडत नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी वाड्यांवरच्या ठाकर-कातकरी पोरांसाठी शाळा आणली. स्वतः श्रमदानाला उभे राहिले, दगड वाहिले. पावसाळ्यात रात्री-अपरात्री कोणाला पान लागलं तर त्यांचीच जीप निघायची. वीटभट्टीवरच्या मजुरांची उचल फिटली की नाही याचा हिशोब ते मालकाच्या तोंडावर मागायचे, आणि मालक तो दाखवायचेही.

मग नव्वदच्या दशकात मुंबईचा पैसा भिवपुरी, नेरळ, कशेळेकडे वळला. ओढ्याकाठच्या, डोंगर दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याला भाव आला. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीच्या नावावर जायला महसूल कायद्याच्या ३६अ कलमाखाली परवानगी लागते, हे तालुक्यात सगळ्यात चांगलं त्यांना माहीत होतं, कारण हे कलम त्यांनीच सभांमधून लोकांना समजावून सांगितलं होतं. ओढ्याकाठचा असाच एक तुकडा त्यांच्याकडे आला. कागद कसा झाला ते मला माहीत नाही. साठेखत, कुळमुखत्यार, दीर्घ मुदतीचा करार, वाटा पुष्कळ असतात. बांधावरचं कुंपण मात्र सगळ्या गावाने पाहिलं. तिथे नंतर हिरवळ, झोपाळा आणि लाल कौलांचं छप्पर आलं.

त्या एका तुकड्याने ते श्रीमंत झाले असं नाही. पुढे खरे दलाल आले, ज्यांनी वाड्याच्या वाड्या गुंडाळल्या. लोक सवयीने या पुढाऱ्यांच्याच ओसरीवर येऊन बसायचे. ते चहा द्यायचे, ऐकून घ्यायचे, बघू म्हणायचे. पूर्वी हा माणूस बघू म्हणत नसे, उठून चपला घालत असे. दलालांपैकी एकाने चारचौघांत हसत त्यांच्या त्या ओढ्याकाठच्या जागेची चौकशी केली होती म्हणतात. एवढं पुरे होतं.

ते गेले तेव्हा शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. भाषणं झाली ती अर्थातच शाळेची, जीपची, श्रमदानाची. बाहेर चहाच्या टपरीवर दुसरी सभा भरली होती; तिथे फक्त कुंपणाचा विषय. दोन्हीकडची माणसं एकमेकांना खोटारडे म्हणत होती. पटांगणात एका कडेला ठाकरवाडीवरची एक म्हातारी बसली होती, ज्या घराचा तो तुकडा गेला त्याच घरातली. तिला कोणीतरी विचारलं, तू कशी काय आलीस? ती म्हणाली, "पोराला इंचू चावला तवा त्यांनीच दवाखान्यात नेला. रान बी त्यांनीच नेला." मग जरा थांबून म्हणाली, "माणूस गेला, याया नको?" त्या दिवशी व्यासपीठावर आणि टपरीवर मिळून जेवढं बोललं गेलं, त्यात संपूर्ण एवढंच होतं. तिने सर्व क्षमा केली, असं मी म्हणणार नाही. तसं ती काही बोलली नाही.

हाच गुंता इतिहासातही आहे. महडपासून जवळच चौक. नेताजी पालकरांचं गाव म्हणून चौकचं नाव घेतात. स्वराज्याचे सरनोबत, प्रतिशिवाजी म्हणून गाजलेले. १६६६च्या सुरुवातीला पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर पोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना दूर केलं. ते विजापूरकरांकडे गेले, तिथून मिर्झाराजा जयसिंगाने त्यांना मोगलांकडे ओढलं. महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाने नेताजींना कैद करवून दिल्लीला नेलं. १६६७ मध्ये धर्मांतर होऊन ते मुहंमद कुलीखान झाले आणि काबूलच्या बाजूला रवाना झाले. १६७६ साली दिलेरखानाबरोबर दक्षिणेत आले असताना ते महाराजांकडे परतले आणि शुद्ध करून घेतले गेले.

या चरित्राचंही आपण रुक्मांगदासारखं करतो. काहींच्या सांगण्यात पन्हाळ्यानंतर एकदम शुद्धीकरण येतं, मधली दहा वर्षं गायब. काही जण त्यांना गद्दारांच्या यादीत टाकून मोकळे होतात. आणखी काही जण सगळंच महाराजांनी आखलेलं कारस्थान होतं, नेताजी आतून एकनिष्ठच होते असं रंगवतात. म्हणजे पुन्हा चेहरा त्यांचा आणि कृत्य दुसऱ्याचं. गंमत अशी, की दावीदही शौलाच्या भीतीने शत्रूच्या, गथच्या आखीश राजाच्या आश्रयाला गेला होता, वर्षभराहून अधिक काळ तिथे राहिला, त्याने दिलेलं सिकलाग गाव खाल्लं आणि त्याच्याशी रोज खोटं बोलला. हेही शमुवेलाच्या पुस्तकात जसंच्या तसं आहे. नेताजींच्या बाबतीत ही पूर्ण गोष्ट जाणून वागलेला एकच माणूस मला दिसतो, तो म्हणजे शिवाजी महाराज. त्यांना विजापूर माहीत होतं, काबूल माहीत होतं. त्यांनी काही झालंच नाही असं म्हटलं नाही. विधी केला, म्हणजे काहीतरी झालं होतं हे मान्य केलं, आणि माणूस घरात घेतला.

कोणी म्हणेल, यहुद्यांचे ग्रंथकार फार धीट होते. सगळे नव्हते. बायबलातच 'इतिहास' नावाचं नंतरचं पुस्तक आहे, त्यात दावीदाचीच कारकीर्द पुन्हा सांगितली आहे. राजे लढाईला जातात त्या मोसमाचा उल्लेख तिथेही आहे, दावीद यरुशलेमात राहिला हेही आहे. पण बथशेबाचं प्रकरण कापून टाकलंय. गच्ची नाही, पत्र नाही, नाथानाची कोकरी नाही. म्हणजे स्मरणिका काढण्याची हौस तिथेही होती. फरक इतकाच, की नवं पुस्तक आलं म्हणून जुनं कोणी जाळलं नाही. दोन्ही एकाच पोथीत बांधली.

आणि त्या जुन्या पुस्तकाच्या अखेरीस दावीदाच्या नामांकित वीरांची यादी येते, राजाच्या गौरवासाठीच दिलेली. शमुवेलाच्या लेखकाने सदतीस ही संख्या सांगून ती बंद केली आहे. त्यातलं सगळ्यात शेवटचं नाव आहे उरीया हित्ती. शेरा नाही, खुलासा नाही, नुसतं नाव.

कर्जत-खालापुरात दर वर्षी कोणाची ना कोणाची पुण्यतिथी, अमृतमहोत्सव, गौरवअंक चालू असतो. ते काढणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे. शाळा कोणी बांधली, रस्ता कोणी आणला, जीप कोणी काढली, सगळं छापा, फोटोसकट छापा. त्याच अंकात एक पान वाडीवरच्या माणसांसाठी ठेवा, त्यांना जे सांगायचं ते त्यांच्या शब्दांत, काटछाट न करता. जाहिरातींच्या पानांतून एक पान कमी झालं तरी अंक निघतो.