सोडलेला समास

पावसाने जरा उसंत दिली तेव्हा शिवथरच्या घरी ओटीवर वर्तमानपत्र पसरून मी ती जुनी हार्डडिस्क उघडायला बसलो. 2021 च्या जुलैतल्या पुरात ती महाडला पाण्याखाली गेली होती. आईच्या आवाजातला हरिपाठ, लावणीच्या दिवसांतली छायाचित्रे तिच्यात होती. जाणकारांनी हात टेकले, तरी उघडली की संपली हे ठाऊक असल्याने मी ती इतकी वर्षे कपाटात तशीच जपली. सहा पाकळ्यांच्या खाचेचे स्क्रू एकेक करून निघाले, शेवटचा लेबलाखाली दडलेला. आत, कडेचा गाळाचा फिकट डाग सोडला तर, आरशासारखी तबकडी होती आणि तिच्यात, जिथे आईचा आवाज असायला हवा होता तिथे, माझा चेहरा.

ही तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेत असे, आणि तिच्यावरून वाचणारे अग्र त्या वेगाने उठलेल्या हवेच्या पदरावर, धुराचा कणही मावणार नाही एवढ्या अंतरावर तरंगत असे. तिथे स्पर्श म्हणजे नाश; अग्र टेकले की अक्षर खरवडून जाते. 1956 साली आलेल्या पहिल्या अशा यंत्रात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या मिळून जेमतेम 50 लाख अक्षरे मावत. तबकड्या लहान झाल्या, अंतर अधिकाधिक सूक्ष्म झाले, पण ते मिटवणे कुणालाच परवडले नाही. इतके जवळ यायचे आणि तरीही टेकायचे नाही, ही मर्यादा आपल्यालाही प्रेमात क्वचितच पाळता येते.

इथून जवळच शिवथरघळ आहे. तिथे, धबधब्याच्या अखंड घोषात, समर्थ रामदास दासबोध सांगत गेले आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी तो लिहीत गेले, अशी परंपरा आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा. त्यात समर्थ पानाच्या कडा मोकळ्या ठेवायला सांगतात, कागद झडला तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून. मला हे वैराग्याच्या उपदेशाहून अधिक हलवते. देह नश्वर म्हणणाऱ्या पुरुषाने कागदाच्या झिजेची इतकी हळुवार काळजी वाहावी! आणि आपल्या भाषेने ग्रंथातल्या प्रकरणाला आणि पानाच्या कडेच्या रिकामपणाला एकच शब्द द्यावा, समास, यात मला तिचे शहाणपण दिसते.

घळीचा कातळही लिहिलेला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवत असताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांचे चुंबकत्व तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेला वळले आणि तसेच थिजले. ही भूमी त्या वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, हे त्या कणांनी सांगितले. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांचा भारतातल्या कातळांच्या चुंबकत्वावरचा निबंधही 1956 चाच. म्हणजे माणूस अशा चुंबकीय तबकड्यांवर लिहू लागला त्याच वर्षी सह्याद्रीने कधीचे लिहून ठेवलेले वाचूही लागला होता. त्या लिखाणाला ना समास, ना वाचकाची वाट पाहण्याची घाई.

संध्याकाळी डिस्कमधले चुंबक घेऊन मी नदीवर गेलो आणि ते काठच्या वाळूत फिरवले. वर काढले तेव्हा त्याला काळ्या कणांची दाट लव फुटली होती.