दवाखाना, रंगमंच आणि मधली वीस वर्षे

वैद्यकीय व्यवसाय सोडून नट किंवा दिग्दर्शक होणे ही कल्पना आज मराठी समाजाच्या परिचयाची असली तरी ती फार जुनी नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. म्हणजे आधुनिक मराठी नाटक आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण ही जवळजवळ एकाच वयाची. तरीही त्या कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी भाव्यांच्या मंडळींना पाठबळ दिले, एवढ्यावरच डॉक्टरचा नाटकाशी संबंध संपत होता. स्वतः तोंडाला रंग लावण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे उभाच राहिला नसावा, कारण नटाचा धंदा प्रतिष्ठितांनी पाहावा, करू नये, अशी त्या काळाची समजूत होती.

धाराशिव जिल्ह्यातून या समजुतीकडे पाहिले की तिची दुसरी बाजू दिसते. तुळजापूरच्या भवानीपुढे संबळाच्या तालावर गोंधळ घालणारा, म्हणजे देवीची कथा गायन, संवाद आणि अभिनयातून रात्रभर उभी करणारा गोंधळी हा कला हेच ज्याचे उपजीविकेचे साधन आहे असा वंशपरंपरागत कलावंत होय. कलेवर पोट भरणे या भूमीला कधीच नवे नव्हते. नवे होते ते एवढेच, की ज्याला पोट भरण्याचा दुसरा आणि अधिक मानाचा मार्ग मोकळा आहे, त्याने तो सोडून हा पत्करावा. व्यवसाय ‘सोडणे’ ही भाषा ज्यांना व्यवसाय निवडता आला त्यांचीच आहे, हे या विषयावरच्या गौरवपर लेखनात सहसा नजरेआड होते.

या कल्पनेला निश्चित रूप दिले ते डॉ. श्रीराम लागूंनी. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकलेले लागू कान, नाक आणि घसा यांचे शल्यविशारद झाले; पुढील प्रशिक्षणासाठी ते कॅनडा व इंग्लंडला गेले, पुण्यात आणि टांझानियातील टबोरा येथेही त्यांनी व्यवसाय केला, आणि १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. हा निर्णय एका रात्रीत घेतलेल्या उडीसारखा सांगितला जातो. परंतु त्याआधीची सुमारे दोन दशके त्यांनी हौशी रंगभूमीवर, म्हणजे ज्या रंगभूमीवर नट मानधनावर जगत नाही आणि म्हणूनच गल्ल्याचा विचार न करता नाटक निवडू शकतो तिथे, भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये काढली होती. दवाखान्याचे उत्पन्न हा या काळात नाटकाचा अडसर नव्हता. किंबहुना तोच त्याचा अदृश्य आश्रयदाता होता, आणि भाऊ दाजींनी इतरांना दिलेला आश्रय लागू जणू स्वतःलाच देत होते. अभिनय हे संध्याकाळी उरलेल्या शक्तीवर करण्याचे काम नसून शस्त्रक्रियेइतकाच पूर्ण दिवस आणि तितकीच शिस्त मागणारे शास्त्र आहे, अशी खात्री पटल्यावरच त्यांनी तो आश्रय काढून घेतला, असे मानणे त्यागाच्या प्रचलित कथेपेक्षा अधिक सयुक्तिक वाटते. लगोलग १९७० मध्ये ‘गिधाडे’चे दिग्दर्शन आणि ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर या दोन परस्परांपासून फार दूरच्या गोष्टी ते करू शकले, याचे मूळ त्या दोन दशकांच्या संचितात आहे.

दंतवैद्यक मागे ठेवून आलेल्या डॉ. काशिनाथ घाणेकरांचा मार्ग याहून वेगळा होता. १९६२ च्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधील संभाजीने त्यांना थेट व्यावसायिक रंगभूमीच्या लोकप्रियतेत नेले, आणि पाटीवरची ‘डॉ.’ ही अक्षरे नाटकाच्या जाहिरातीत गेली. सोडलेल्या व्यवसायाची पदवी तिकीटबारीवर चालावी, यातला विरोधाभास कोणालाच खटकला नाही.

पुढच्या पिढीने मात्र सोडण्याची अटच नाकारली. डॉ. जब्बार पटेलांनी दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून दवाखाना चालवीत १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ बसवले, नंतर ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे चित्रपट केले, आणि या दोन्हींत लागूंना दिग्दर्शित केले. दौंड रेल्वेने पुण्याशी जोडलेले आहे, ही बाब कलेच्या इतिहासात नोंदवण्याइतकी महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे दवाखाना आणि पुण्यातले नाटक दोन्ही सांभाळणे शक्य होते. ‘घाशीराम’मध्ये नाना फडणवीस साकारणारे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांनी तर मानसोपचार आणि अभिनय यांतली भिंतच पातळ केली: स्मृतिभ्रंशावरच्या ‘अस्तु’मध्ये त्यांनी रुग्णाची भूमिका केली, आणि नैराश्यावरच्या ‘कासव’चे ते निर्माते होते.

वैद्यकीय शिक्षणाची जागा समाजाच्या खर्चाने मिळते, मग ती वाया घालवण्याचा हक्क कोणाला आहे, हा आक्षेप या सर्वांनाच लागू होतो आणि तो हलका नाही. लागूंनी निळू फुले आदी सहकाऱ्यांसह ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यास हातभार लावला, हे त्या आक्षेपाला दिलेले कृतीतले एक उत्तर मानता येईल, जरी ते त्या हेतूने दिलेले नव्हते.

धाराशिवात हाच आक्षेप अधिक टोकदार होतो. केंद्राने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या, आरोग्यासह अनेक निकषांवर मागे पडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव होते, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे २०२२ मध्ये सुरू झाले. अशा महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला बंधपत्रित सेवा, म्हणजे ठरावीक काळ शासकीय आरोग्यकेंद्रात काम, करावी लागते. नाटकाचे म्हणाल तर २०१७ मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन धाराशिव शहरात भरले, पण संमेलनाचे तीन दिवस आणि तालमींची वीस वर्षे यांची बरोबरी होत नाही. पुणे येथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे इथला तरुण डॉक्टर नाटकाकडे वळला तर त्याला बहुधा व्यवसायाबरोबर जिल्हाही सोडावा लागेल आणि त्याने जागा वाया घालवली असे लोक म्हणतील. तोच डॉक्टर पुण्याच्या एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयात कायमचा रुजू झाला, तर जिल्ह्याच्या दृष्टीने हानी तेवढीच होते, परंतु गावात त्याचा सत्कार होतो.