पुनरुज्जीवित मळ्याची ओळख
जर्मनीतील झार नदीकाठी, विल्टिंगेन गावात फान फॉल्क्सेम हा जुना वाइन-मळा आहे. रोमान निएवोद्निचान्स्की यांनी तो विकत घेतला आणि तिथल्या रिस्लिंग द्राक्षांच्या वाइनला पुन्हा नाव मिळवून दिले. असा मळा जुनाच म्हणावा की नवा?

तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मते वृक्षाची ओळख त्याच्या कणांत नसून अखंड जीवनक्रमात असते. या कसोटीवर, कित्येक दशके ओसाड राहून फान फॉल्क्सेमने पुन्हा लावलेला ओक्फेन गावचा गाइसबर्ग उतार नवाच ठरेल. मात्र रिस्लिंग बियांपासून नव्हे, काड्यांपासून वाढवतात. १४३५ च्या नोंदीत आढळणारी ही जात, पुढे अमेरिकन खुंटांवर चढूनही, कलमाकलमांतून जगत आली आहे. मळा थांबला, वेलीचे जीवन थांबले नाही. लॉकची कसोटी इथे अपुरी पडते.

या उतारांवरचा पाटीचा दगड दिवसाची ऊब रात्री सोडतो आणि द्राक्षे पिकवतो, पण इतक्या तीव्र उतारावर छाटणी, बांधणी, तोडणी मुख्यतः हातांनीच करावी लागते. म्हणून ओळखीचे तत्त्व वस्तूपेक्षा या पुन्हा स्वीकारलेल्या श्रमात शोधणे अधिक सयुक्तिक आहे. फान फॉल्क्सेम मळा एकेकाळी जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाकडे होता. मालक बदलत गेले, उताराने मागितलेले श्रम मात्र तेच राहिले.