श्रमदानाचें पाणी कोणाचें?

लोकांनीं एकत्र येऊन आपल्या गांवची टेकडी राखावी, तिच्यावर चर खणावे, झाडें लावावीं आणि वाहून जाणारें पाणी जमिनींत मुरवावें, याहून निर्मळ असें सार्वजनिक कार्य आम्हांस सहसा सुचत नाहीं. २०१६ सालीं तीन तालुक्यांत सुरू झालेली ‘वॉटर कप’ स्पर्धा २०१९ पर्यंत पंचाहत्तरांहून अधिक तालुक्यांत पोहोंचली; १ मे २०१८ रोजीं तर शहरांतील हजारों माणसें केवळ श्रमदानासाठीं खेड्यापाड्यांत गेलीं. ज्या काळास आपण स्वार्थी म्हणून बोल लावितों, त्याच काळांत हें घडलें, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

तथापि या पुण्यकर्माच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. तो आम्हांस एखाद्या ग्रंथांत भेटला नाहीं. एका मजूर बाईनें विचारला. विद्यार्थ्यांसमवेत आम्ही एका टेकडीवर चर खणावयास गेलों होतों. शेजारीं घमेलें भरणारी एक वृद्ध बाई पायथ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “गुरुजी, ह्ये पानी कुनाच्या हिरीला लागायचं?” तिला विहीर नव्हती, जमीनहि नव्हती. आम्हीं कांहीं तरी उत्तर दिलें. पण तें तिला पटलें नाहीं, आणि खरें म्हणजे आम्हांसहि पटलें नाहीं.

चरांत अडलेलें पाणी मुरमांतून व काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपत उतरतें आणि पायथ्याच्या विहिरींत प्रकट होतें. म्हणजे कष्ट माथ्यावर आणि फळ पायथ्याशीं. शिवाय दख्खनच्या या खडकांत पाण्याचा सांठा थोडा. एकानें खोल विंधण विहीर घेऊन मोठा पंप बसविला कीं शेजारच्या उथळ विहिरी आटूं लागतात. कायदाहि जुन्या काळापासून जमीनमालकाकडेच झुकलेला. जमिनीखालीं निश्चित प्रवाहानें न वाहणारें पाणी आपल्या हद्दींत काढून घेण्याचा त्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमानें मानिला. पुढें महाराष्ट्रानें भूजलाच्या नियमनासाठीं २००९ चा कायदा केला खरा. परंतु ‘ज्याची जमीन त्याचें पाणी’ ही समजूत लोकांच्या मनांत कोणत्याहि कायद्यापेक्षां अधिक खोल रुजलेली आहे.

यावर कोणी म्हणतील कीं, दानाच्या फळाची चौकशी करणें हेंच मुळीं दानास कमीपणा आणणारें आहे. गीतेनें फलाशा सोडावयास सांगितली आहे. हा आक्षेप वरवरचा नाहीं. परंतु स्वतःच्या फळाचा त्याग ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या फळाविषयीं बेफिकिरी ही अगदीं निराळी गोष्ट. आम्हीं सुटीचा दिवस दिला. आमच्या चुलीस त्याची झळ लागली नाहीं. त्या बाईनें दिला तो एका दिवसाचा रोज. तिच्या वतीनें निष्काम होण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

हा प्रश्न कृतीनें सोडवूं पाहणारी माणसें आपल्याकडे झालीं आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें कै. विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग आरंभिला. त्यांनीं पाणी जमिनीच्या प्रमाणांत न वांटतां माणसांच्या प्रमाणांत वांटलें: दर माणशीं अर्ध्या एकराचें, व एका कुटुंबास फार तर अडीच एकरांचें. भूमिहीनासहि वांटा ठेविला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाहीं, आणि हें पाणी उसास द्यावयाचें नाहीं, असे नियम केले. त्याच दशकांत हरियाणांतील, शिवालिकच्या पायथ्याशीं असलेल्या सुखोमाजरी गांवीं, बंधाऱ्याच्या पाण्यांत प्रत्येक घरास, मग त्यास जमीन असो वा नसो, सारखा वांटा मिळाला. आणि गांवकऱ्यांनीं डोंगरावर गुरें मोकाट सोडणें थांबविलें. ज्यास पाण्यांत कांहींच हक्क नाहीं, अशा शेळीवाल्यास चराईबंदीचा उपदेश करणें न्यायाचें नव्हे आणि शहाणपणाचेंहि नव्हे, हाच या गांवाचा धडा. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें संयमाची वाट धरिली. तेथें पडलेला पाऊस मोजून, पिण्याचें पाणी आधीं बाजूस काढून, उरलेल्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडितात व त्यावरून पिकें ठरवितात. शेतीसाठीं विंधण विहिरी घेण्यास तेथें बंदी आहे.

विहीरवाल्याचीहि बाजू ऐकिली पाहिजे. त्यानें कर्ज काढून विहीर खणली, पंप बसविला, पीक बुडालें तर व्याज त्यालाच भरावें लागतें. त्यास चोर म्हणणें हा अन्याय होईल. परंतु विहीर त्याची असली, तरी तिच्यांत श्रमदानानंतर चढलेलें पाणी शेंकडों हातांनीं आणिलेलें आहे. त्या वाढीव पाण्यावर एकट्याचा हक्क कोणत्या न्यायानें सांगतां येईल? आणि हा विचार पाणी दिसूं लागल्यावर करूं म्हटलें तर होत नाहीं; तोंपर्यंत ऊस उभा राहिलेला असतो व कर्जहि झालेलें असतें. टेकडी कोरडी आहे, सर्वांची गरज सारखी आहे, तेव्हांच वांटणीचा करार होऊं शकतो.

म्हणून चर खणण्यास लागणाऱ्या श्रमापेक्षां पंप थांबविण्यास लागणारा संयम आम्ही मोठा मानितों. पहिल्या कामास चार दिवसांचा उत्साह पुरतो, भोंवतालीं चारचौघांची सोबत असते. दुसरें काम वर्षानुवर्षें, एकट्यानें, कोणी पाहात नसतांना करावयाचें असतें. श्रमदानाची पूर्तता त्यांत आहे.

पुढल्या उन्हाळ्यांत आम्ही पुन्हा टेकडीवर जाऊं. परंतु फावडें उचलण्यापूर्वीं ग्रामसभेच्या ठरावांची वही पाहावयास मागूं. पाहुण्यानें असें विचारणें कोणास उद्धटपणाचें वाटेल; तें आम्हांस सोसेल. त्या वहींत त्या बाईच्या नांवापुढें कांहीं वांटा लिहिलेला असेल, तरच तिच्या प्रश्नास उत्तर मिळालें असें आम्ही समजूं.