बांधणी आणि समास

मराठी समीक्षेत 'बांधणी' हा शब्द इतक्या सहजपणे वावरतो की तो मुळात कोणाच्या हातचा आहे याची आठवणही उरलेली नाही. अमुक कथेची बांधणी सैल आहे, तमुक कादंबरीची घट्ट आहे, असे आपण म्हणतो तेव्हा दोरा, दाभण आणि खळ आपल्या मनात नसतात. वास्तविक 'ग्रंथ' या संज्ञेच्या मुळाशीही 'ग्रथ्' म्हणजे गुंफणे, बांधणे हाच धातू आहे. रूपक होऊन बसलेल्या या शब्दाकडून त्याच्या मूळ कृतीकडे परतावे असे मला वाटू लागले ते भंडाऱ्यातील एका साध्या प्रसंगाने. आणि परतल्यावर प्रश्न सौंदर्याचा न राहता नीतीचा झाला.

एका जुन्या काव्यसंग्रहाच्या समासात पूर्वीच्या कोणा वाचकाने शाईने बारीक टिपा लिहिल्या होत्या. पुस्तक खिळखिळे झाले म्हणून बांधणीस गेले. परत आले तेव्हा कणा मजबूत होता, पुठ्ठा नवा होता, कडा एका रेषेत होत्या. आणि टिपांची प्रत्येक ओळ दोनतीन अक्षरांनी तोकडी झाली होती. उजव्या पानांवर ओळींची अखेर गेली, डाव्या पानांवर आरंभ. एके ठिकाणी 'हे पटण्याजोगे' एवढेच उरले आहे. पुढे 'आहे' होते की 'नाही' होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

यात बाइंडरची चूक कोणती? हातबांधणीची रीतच अशी की फर्मे सुटे करावयाचे, जुनी खळ ओलावून खरवडायची, प्रत्येक फर्मा घडीतून शिवायचा, कण्याला गोलाई द्यायची, पुस्ती लावून पुठ्ठा चढवायचा. मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचा, तो कसरीपासून रक्षण व्हावे म्हणून. पुन्हा शिवलेली पाने मागेपुढे होतात, म्हणून शिकंज्यात आवळून तिन्ही कडा कापायच्या. घड्याच फाटलेल्या असतील तर शिलाई कडेने घ्यावी लागते. मग आतला समासही शिलाईत जातो आणि पुस्तक पुरते उघडत नाही. म्हणजे संहितेला दोन्ही बाजूंनी झीज सोसावी लागते, ती तिला वाचविण्यासाठीच.

समास म्हणजे कोरी जागा, तिचे थोडे गेले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पोथीची परंपरा मात्र याला साक्ष देत नाही. चक्रधरस्वामींच्या लीळांमध्ये भंडाऱ्याचे नाव येते. नीळभट्ट भांडारेकार या त्यांच्या अनुयायाची ओळखच या गावाने दिलेली आहे. त्या लीळांचा ग्रंथ आपल्यापर्यंत एकसंध आलेला नाही, वि. भि. कोलते यांची 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती 1978 साली निघाली तीही अनेक पाठांच्या गुंत्यातून वाट काढीतच. अशा हस्तलिखितांच्या जगात लेखनिकाकडून एखादा शब्द सुटला तर तो हंसपदाची खूण करून समासातच लिहिला जाई. तेथे समास ही संहितेबाहेरची जागा नव्हे. संहितेने आपली चूक दुरुस्त करण्याची ती जागा आहे. आणि सुट्या पानांची पोथी फळ्यांमध्ये ठेवून बासनात गुंडाळली जाई, तिची गाठ केव्हाही सोडता येई. ('बासनात गुंडाळणे' याचा अर्थ आपण 'विसरून जाणे' असा करून टाकला, हा भाषेचा अन्यायच म्हणावा लागेल.)

आधुनिक सिद्धान्ताकडे वळावे तर जेरार्ड जेनेटने 1987 मध्ये शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ, तळटीप यांना संहितेचे उंबरठे मानून त्यांचे विस्तृत विवेचन केले. परंतु त्याच्या उंबरठ्यावर उभे राहण्याचा अधिकार लेखकाला आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्या प्रकाशकादिकांना आहे. अनामिक वाचकाची शाई तेथेही बाहेरच राहते. वाचकाच्या सर्जकतेचा एवढा उद्घोष करणाऱ्या काळात हे थोडे विचित्र वाटते.

नोव्हेंबर 1966 मध्ये आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील पुस्तके चिखलात बुडाली. वैनगंगेचा ऑगस्ट 2020 चा पूर पाहिलेल्या भंडारेकरांना ते दृश्य कल्पिणे कठीण नाही. तेथे मदतीस गेलेल्या बाइंडरांपैकी क्रिस्टोफर क्लार्कसन यांच्या ध्यानात आले की भारदस्त, चिकटवलेल्या बांधण्यांपेक्षा मऊ चर्मपत्राच्या साध्या, जवळजवळ खळीवाचून शिवलेल्या बांधण्या अधिक तगल्या. जे करू ते पुढच्याला उलगडता आले पाहिजे, हे तत्त्व ग्रंथरक्षणात पुढे रुजले त्यामागे असे अनुभव आहेत. मला ते तांत्रिक तत्त्व वाटत नाही. दुसऱ्याची कृती आपल्या हाती आली असता आपण अखेरचे आहोत असे न मानणे, असा त्याचा अर्थ आहे. पण हे तत्त्व गावातल्या दुकानात नेऊन ठेवणे सोपे नाही. वाचनालयाला शंभर पुस्तके थोड्या पैशांत, वाचकांच्या हाताळणीला टिकतील अशी हवी असतात. न वाचली जाणारी सुरक्षित प्रत हाही ग्रंथाचा मृत्यूच.

दुसरे पुस्तक मी स्वतः घेऊन गेलो. बाइंडरने ते चाळले आणि विचारले, "वाचाले पायजे का ठेवाले?" दोन्हीसाठी, असे मी म्हणालो; आणि कडा कापू नका, असेही. त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली.

आठवड्याने पुस्तक मिळाले. शिलाई उत्तम होती, पाने पूर्ण उघडत होती, समास शाबूत होता, कडा मात्र खालीवर दिसत होत्या. त्यांनी ठरल्यापेक्षा कमी पैसे घेतले. मी आग्रह केला तेव्हा कडेवरून अंगठा फिरवीत ते म्हणाले की काम पुरे झालेले नाही, पुऱ्या कामाचे पैसे कसे घ्यावेत? त्यांच्या दृष्टीने हुनर त्या सरळ कडेतच होते, आणि माझ्या सांगण्यावरून त्यांनी ते सोडले होते. पुस्तक पिशवीत घालताना त्यांनी ते माझ्या हातून परत घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मगच दिले. कडा बाहेरून दिसू नयेत अशा बेताने.